दर दोन तासांनी

दार लोटून घ्या. राउंड झाला ना सगळ्यांचा? मग बसा. ही गोष्ट रचलेली नाही, पोरींनो. ती सिस्टर माझ्याच वॉर्डातली, माझ्याच हाताखाली शिकलेली.

नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. सिस्टरला सुट्टी होती. तिने टेम्पो बोलावला आणि घरातलं शिलाई मशीन जुन्या सामानवाल्याकडे पोचतं केलं. नवरा रातराणी बसवर ड्रायव्हर, पहाटेपर्यंत यायचा नव्हता. मशीन त्याच्या पहिल्या बायकोचं. ती जाऊन दीड वर्ष झालं, तरी हा दर रविवारी त्याला तेलपाणी करायचा आणि सिस्टरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत बाईशी भांडता तरी येतं. मेलेलीशी काय भांडणार?

ती पहिली म्हणजे टेलरबाई. आपल्याच वॉर्डात होती. स्तनाचा कॅन्सर, उशिरा आलेली, हाडांपर्यंत पसरलेला. केमोने तोंड सोलून निघालेलं. ही सिस्टरच मिठाच्या पाण्याने तिचं तोंड साफ करायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. सेवेत तसूभर कसूर नव्हती. पण ड्रायव्हर डबा घेऊन यायचा, सिस्टरशी दोन शब्द बोलायचा, हसायचा... आणि टेलरबाई खाटेवरून नुसती बघत राहायची. एकदा माझ्यादेखत म्हणाली, "दर दोन तासांनी हलवतेस मला. एकदाची घरातूनच हलव ना."

"ताई, काहीतरीच काय बोलता!" सिस्टर म्हणाली. पण कान लाल झाले होते तिचे.

असो. तर त्या मंगळवारी सिस्टर अकराला आडवी झाली, उजव्या कुशीवर. आता घर आपलं, अशा समाधानात डोळा लागला.

एक वाजता जाग आली. ती डाव्या कुशीवर होती. पाठीशी उशी खोचलेली. गुडघ्यांमध्ये दुसरी. आपण वॉर्डात खोचतो ना, तशी.

झोपेत आपणच केलं असेल, असं म्हणून ती पुन्हा झोपली.

तीन वाजता परत जाग. आता उताणी. डावा हात डोक्याखाली. खांद्याखाली टॉवेलची घडी.

ही पद्धत कशाची गं?

"स्तनाच्या तपासणीची, सर."

बरोबर. महिन्यातून एकदा, पाळी झाल्यावर. शेकडो बायकांना शिकवलं होतं तिने. स्वतःची मात्र एकदाही केली नव्हती.

तिला उठायचं होतं. उठवेना. खोलीत कोणी नाही. कडी आतून.

बोटं टेकली.

तीन. गार.

गोल फिरली... काखेकडे सरकली... थांबली.

"ताई?"

...

"ताई, मशीन परत आणते..."

दाब वाढला.

पहाटे ड्रायव्हर आला, तेव्हाही ती तशीच होती. हात डोक्याखाली. दाराची कडी त्याला खिडकीतून हात घालून काढावी लागली. "तुमच्या तिने तिचं दुखणं मला दिलं," एवढंच सिस्टर म्हणाली.

बोटं थांबली होती तिथे वाटाण्याएवढी गाठ निघाली. दुखत नव्हती. सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच, तिथेच माणूस फसतो. डॉक्टरांनी समजावलं, "अहो, ही एका रात्रीत येत नाही. एक पेशी बिघडते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत इथवर यायला वर्षं जातात."

म्हणजे टेलरबाईची कूस बदलत होती, तेव्हाच ती गाठ हिच्या आत होती. दिली नव्हती... दाखवली होती.

हे ऐकून सिस्टर हरखली असेल म्हणता? छे! दात-ओठ खाऊन मला म्हणाली, "सर, नवरा तिचा, घर तिचं. आता जीवही तिनेच दिलेला म्हणून जगू का मी?"

पण जगली. वेळेत सापडली म्हणून जगली. आजही नोकरी करते.

शस्त्रक्रिया झाली ती रात्र मात्र... बायकांचा वॉर्ड, रात्री पुरुषांना मज्जाव. ड्रायव्हर जिन्यात झोपला. दुसरं कोणी नातेवाईक नव्हतंच. सकाळी मी सोबत राहणाऱ्यांची वही तपासायला घेतली. खाट चौदा, म्हणजे सिस्टरचीच. रात्री नऊ ते पहाटे पाच. अक्षर बारीक, एकसारखं, टाके घातल्यासारखं.

नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: सवत.