कोरा मजला

लिफ्टच्या पाटीवर आकडा दाखवतं ते माझं कोड. बस, तेवढंच. लिफ्ट कुठे थांबते, दार कधी उघडतं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. साहेबाला शंभरदा सांगितलं. ऐकेल तर शपथ.

लिफ्टकडून बारावा मजला "012" असा येतो. पुढची शून्यं काढून 12 दाखवायचं. जावामध्ये एका ओळीचं काम. मी लिहिलं "^0+", म्हणजे सुरुवातीची जेवढी असतील तेवढी शून्यं उडव. तळमजला येतो "000". सगळाच उडाला. पाटी कोरी.

चूक माझी, मान्य. पण तक्रार आली ती वेगळीच. खाली येताना पाटी दोनदा कोरी होते. पहिल्या मजल्यानंतर एकदा, लिफ्ट थांबते, दार उघडतं. मग तळमजल्यावर परत.

दादा, माझा मोठा भाऊ, लिफ्टचा मिस्त्री. भर दुपारी तो वरून लिफ्टमध्ये बसला. मी आणि साहेब तळमजल्यावर, दारासमोर. फोन स्पीकरवर.

"आख्खी लिफ्ट मी सांभाळतो," दादा म्हणाला, "तुला एक शून्य सांभाळता येईना. हां, कोरी झाली बघ. उघडलं. अरे, हा तर तळमजलाच. तू कुठायस?"

"दारासमोर. इकडे दार बंद आहे."

"थापा मारू नकोस. उतरतो, थांब."

तेवढ्यात साहेबाने लॅपटॉपवरून दुरुस्ती चढवली. मला न विचारता. माझीच होती, सकाळी पाठवलेली. "^0+(?!$)", शेवटचं शून्य ठेवणारी.

पाटीवर 0 उमटलं. दार उघडलं.

लिफ्ट रिकामी.

"जुनं परत चढवा," मी म्हणालो. "पाटी कोरी झाली तिथे दादा उतरलाय."

"बरोबर काढून चुकीचं टाकू? डोकं ठिकाणावर आहे ना? जिन्याने गेला असेल तो."

फोनमधून दादा म्हणाला, "लिफ्ट कुठे गेली रे? कधीचा बटण दाबतोय. इथे बरेच जण थांबलेत." मग आवाज खाली आणून, "कोणी बोलत नाहीये."

"दोघांनी मिळून चेष्टा लावलीय," साहेब म्हणाला आणि लॅपटॉप मिटायला लागला.

डोक्यात तिडीक गेली. माझा भाऊ तिकडे अडकलेला आणि याला तक्रार बंद करायची घाई. मी लॅपटॉप ओढला.

"हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

जुनी ओळ टाकली. चढवली.

लिफ्टचं दार आपणहून लागलं. ती वर गेली. परत खाली निघाली.

1.

कोरी.

थांबली. फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज. मग पावलं. खूप पावलं.

मग आमच्यासमोर दार उघडलं. आत कोणीच नव्हतं. वजन जास्त झाल्यावर वाजते ती घंटा वाजत होती.

साहेब दोन पावलं मागे गेला. मी तिथेच.

"सरक ना बाजूला," दादा फोनमध्ये म्हणाला. "मागचे ढकलतायत."