रुतलेला गज

“हिचा हात लागू देऊ नका माझ्या लेकराला! माझ्या घरातलं एक माणूस गिळलंय हिनं… दुसरं कुणीही बोलवा, पण ही नको!”

अपघात विभागाचं झुलतं दार ढकलून स्ट्रेचर आत आलं आणि त्याची कड घट्ट धरून आलेली म्हातारी समोर नर्सच्या गणवेशातल्या थोरलीला पाहताच अशी किंचाळली, की बाकांवर बसलेले रुग्ण आणि त्यांची माणसं एकदम वळून पाहू लागली. ती म्हातारी थोरलीची आई होती. किती वर्षांनी आई तिच्याशी बोलत होती… छे, तिच्याशी कुठे, तिच्याविषयी! आणि स्ट्रेचरवर, चेहरा राखेसारखा झालेला, ओठ निळसर पडलेला, तो तिचा पाठचा भाऊ होता. त्याच्या जांघेत घरच्या कारखान्यातला लोखंडी गज रुतलेला होता. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी गजाभोवती कापडाच्या जाड गुंडाळ्या रचून, तो तसूभरही हलू नये अशा बेताने पट्ट्या आवळल्या होत्या.

क्षणभर ती बहीण होती. मग तिचे हात पुढे झाले.

“कात्री द्या, कपडे कापा. दोन्ही हातांना जाड सुया लावा. रक्तपेढीला फोन करा, गट जुळवत बसायला वेळ नाही म्हणावं, ओ निगेटिव्ह आधी पाठवा!”

ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती. तिने एकदा म्हातारीकडे, एकदा थोरलीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “सिस्टर, घरचे आहेत का तुमच्या? तुम्ही बाहेर थांबता?”

“भाऊ आहे. पण मी बाहेर थांबले तर इथे तुम्ही एकट्या पडाल. प्रेशर बघा तुम्ही.”

प्रेशर फार खाली गेलं होतं. नाडी धावत होती, पण बोटाखाली धाग्याएवढीच लागत होती. कपाळावर गार घाम होता. हे सगळं थोरलीने पूर्वी एकदा पाहिलं होतं, याच खोलीत, याच रक्ताच्या माणसात…

बाबांचा लोखंडी दरवाजे आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा कारखाना होता आणि त्याच्याच मागच्या अंगाला घर. थोरली नर्सिंगला गेली तेव्हा बाबांची छाती फुगली होती. आल्यागेल्याला ते हसत सांगायचे, “एक पोर लोखंड जोडणार, दुसरी माणसं जोडणार. आमचं घराणंच वेल्डिंगचं!” आई लटक्या रागाने म्हणायची, “पुरे आता तुमचं कौतुक!” आणि धाकटा, ज्याला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं, ताईचा गणवेश घालून आरशासमोर नाचायचा. असं घर होतं ते!

आणि एका दुपारी भिंतीला उभे लावून ठेवलेले गज घसरले. बाबा खाली सापडले, एक गज जांघेत शिरला. कारखान्यात बाप-लेक दोघंच होते. बाबा वेदनेने ओरडत होते, “काढ रे… काढ तो!” आणि त्या पोराने डोळे मिटून, दोन्ही हातांनी, सगळा जीव एकवटून तो गज उपसला. टेम्पोत घालून त्यांना आणलं तेव्हा टेम्पोच्या फळ्यांमधून रक्त गळत होतं. धाकट्याला बाहेरच थांबवलं; आत झुलत्या दारापाशीच थोरली होती. तिने धावत जाऊन जखमेत कापडाचे बोळे कोंबले, मूठ रोवली, सगळा भार टाकून दाबून धरली, रक्ताच्या पिशव्या चढल्या, शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत ती मूठ तिने सोडली नाही… पण बाबा केव्हाच पांढरे पडले होते. जे सांडायचं होतं ते वाटेतच सांडलं होतं.

त्यानंतर बाहेरच्या व्हरांड्यात धाकटा तिच्या समोर आला होता. कोपरापर्यंत लाल झालेले हात त्याने पुढे धरले होते, जणू शाळेत शाबासकी घ्यायला आला होता.

“ताई, बाबा ओरडत होते ना… मी काढला तो गज. मी एकट्यानं काढला! बरोबर केलं ना मी?”

गज आत होता तोवर त्यानेच फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरली होती, हे तिला ठाऊक होतं. तो उपसला तिथेच सगळं संपलं, हेही ठाऊक होतं. हे त्या डोळ्यांना कसं सांगायचं? बाप तर गेला… आता भाऊही घालवायचा?

“हो रे,” ती म्हणाली, “बरोबर केलंस तू.”

आणि मग आई आली होती. तिने पदर तोंडात कोंबून एकच विचारलं होतं, “पोरानं गज काढून बापाला आणून दिलं तुझ्याकडे… मग माणूस गेला कसा?” सगळे थोरलीकडे पाहत होते. भाऊही पाहत होता. त्या एका श्वासात तिचं उरलेलं आयुष्य ठरलं.

“मला उशीर झाला, आई. मी दुसऱ्या पेशंटजवळ होते.”

एवढं एकच वाक्य! त्या वाक्याने तिला घराचं दार बंद झालं. “परक्यांची सेवा करत बसली आणि बाप मारला,” असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. आणि पुढे अभिमानाने जोडायची, “माझ्या पोरानं स्वतःच्या हातानं गज उपसला हो! हिला मात्र साधं रक्त थांबवता आलं नाही!” धाकटा मोठा झाला, कारखाना त्याने सांभाळला, पण रस्त्यात ताई दिसली की तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा. थोरली भाड्याच्या एका खोलीत राहायची. लग्नाचं एकदोनदा निघालं, पण घरच्यांविषयी विचारणा झाली की ती गप्प व्हायची आणि बोलणं तिथेच थांबायचं. किती वेळा जिभेच्या टोकावर आलेलं तिने गिळलं होतं! दर वेळी ते लाल झालेले हात आठवायचे… आणि ओठ मिटायचे.

“पाणी…” धाकटा पुटपुटला.

म्हातारी पुढे सरसावली. “पाणी मागतोय माझा सोन्या, कुणी पाणी देता का?”

“पाणी नाही द्यायचं, आजी,” डॉक्टर म्हणाली. “लगेच ऑपरेशनला न्यायचंय.”

“आणि हा गज? हा तसाच ठेवणार? त्या गाडीतल्यांनीही काढू दिला नाही, आता तुम्हीही नुसत्या बघत उभ्या! अगं, त्याचा जीव चाललाय…” बोलता बोलता ती म्हातारी कशी कुणास ठाऊक, दोघींच्या मधून आत घुसली आणि तिची सुरकुतलेली बोटं गजाला भिडली. “माझ्या पोरानं बापाचा काढला होता, मी माझ्या पोराचा काढते!”

“आई!”

थोरलीने तिचं मनगट पकडलं. इतक्या जोरात, की हातातली धातूची बांगडी चेपली.

“हात लावू नकोस! त्या गजानंच रक्त अडवून धरलंय, आई! तो उपसलास तर… तर इथेच संपेल हा, कुणाच्या बापाला थांबवता यायचं नाही!”

शब्द तोंडातून निघून गेले, आणि मग तिच्या कानांना ऐकू आले.

म्हातारीची बोटं गजावरून सुटली. ती थोरलीच्या तोंडाकडे पाहत राहिली. आधी रागाने, मग काहीच न समजून, आणि मग… समजून.  “म्हणजे… तेव्हा…”

“आई, बाहेर जा.”

“म्हणजे तेव्हा त्यानं…”

“बाहेर जा म्हणते ना! तुझ्या पाया पडते!”

स्ट्रेचरवर धाकट्याचे डोळे अर्धवट उघडे होते. तो ऐकत होता की शुद्ध हरपत होती, हे पाहायला थोरलीला सवड नव्हती. रक्ताची पिशवी आली होती. तिने ती चढवली, उबदार पांघरूण त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं, दोन्ही हातांनी गजाच्या भोवतीच्या गुंडाळ्या दाबून धरल्या, आणि स्ट्रेचर धावू लागलं तशी तीही तशीच वाकून, पाठीचा कणा मोडेल अशी वाकून, शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत धावत गेली.

सर्जनने तो गज ऑपरेशनच्या टेबलावर, जखम उघडून, रक्तवाहिनी दोन्हीकडून चिमट्यात धरल्यावर काढला. धाकटा वाचला. पाय मात्र पूर्वीसारखा चालणार नाही, असं ते बाहेर येऊन म्हणाले.

ते ऐकूनही म्हातारी बाकावरून उठली नाही. थोरली हात धुऊन आली आणि थोड्या अंतरावर उभी राहिली. जवळ बसायचा हक्क कधीचाच गेला होता ना!

“तेव्हाच का बोलली नाहीस?” आईने जमिनीकडे पाहतच विचारलं.

“त्यानं मला विचारलं होतं, बरोबर केलं का म्हणून. मी हो म्हणाले. लहान होता गं तो… कसा जगला असता?”

“आणि तू? तू कशी जगलीस?”

 जगणं असं काही वेगळं केलंच नव्हतं थोरलीने. ड्यूटी संपली की खोली, खोलीतून पुन्हा ड्यूटी.

म्हातारी एकदम हुंदका देऊन पुढे वाकली आणि तिने लेकीच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. “नको, आई! असं नको करूस!” म्हणत थोरलीने तिला वरच्या वर सावरलं. किती हलकी झाली होती आई! खांद्याची हाडं हाताला लागत होती. दोघी तशाच एकमेकींना धरून रडल्या. पण रडता रडता आईचा आवाज अगदी लहान झाला.

“पोरी… कुठल्या तोंडानं मागू तुझ्याकडे, पण… त्याला नको ना कळू देऊस. पाय तर गेलाच त्याचा. हे कळलं तर माझं पोर उभंच राहायचं नाही.”

 सत्य कळलं, तरी आई आईच राहिली… त्याची आई! आणि तरीही, त्या क्षणी थोरलीला आईचा राग आला नाही. ती स्वतः तरी दुसरं काय करत आली होती?

“नाही सांगणार,” ती म्हणाली.

पण सांगायचं काही उरलंच नव्हतं. धाकटा शुद्धीवर आला आणि त्याने नर्सकरवी ताईला बोलावणं पाठवलं. ती आत गेली तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

“मी ऐकलं सगळं, ताई.”

तिने पलंगाचा गार कठडा धरला.

“तू मला हो म्हणाली होतीस.”

“हो.”

“खोटं बोललीस.”

“हो रे.”

 मग तो म्हणाला, “आता खरं सांग. मी काढला नसता… तर बाबा वाचले असते?”

दारात आई येऊन उभी होती. ती डोळ्यांनी विनवत होती, मान नकारार्थी हलवत होती… नको, नको, नको! थोरलीने तिच्याकडे पाहिलं, आणि मग भावाच्या मानेवरच्या त्या पिकू लागलेल्या केसांकडे. तो आता लहान नव्हता. त्याच्यावर दया करत राहणं, म्हणजे त्याला त्या व्हरांड्यातच उभं करून ठेवणं होतं.

“कदाचित वाचले असते,” ती म्हणाली. “नक्की नाही सांगता यायचं. पण तुला कुणी शिकवलं नव्हतं, आणि बाबा स्वतः काढ म्हणत होते. माझा भाऊ वाईट वागला, असं मला एका दिवसासाठीही वाटलं नाही. त्याहून खरं माझ्याकडे काही नाही.”

त्याचे खांदे हलू लागले. लहान मुलासारखा नव्हे. मोठी माणसं रडतात तसा, आवाज दाबून, टाके ताणले जातील म्हणून जांघेवर हात दाबून, तो रडला. “मी रस्ता ओलांडून जायचो, ताई… तुला पाहिलं की…”   समजूत घालण्यासारखं हे दुःख नव्हतं. ते आता त्याचं होतं, आणि जन्मभर राहणार होतं.

आई हळूहळू आत आली. तिने कोपऱ्यातली खुर्ची दोन्ही हातांनी ओढली, फरशीवर करकर वाजवत पलंगापाशी आणली आणि थोरलीच्या मागे ठेवली.

“बस,” ती म्हणाली. “किती वेळची उभी आहेस.”

थोरली बसली.