शेवटच्या काकांचा प्रवेश

कुणाचा विश्वास बसो वा न बसो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या आत्यासोबत घडलंय. आणि तेही रात्री-बेरात्री नाही... भर दुपारच्या प्रयोगात, भरलेल्या नाट्यगृहात.

आत्या आणि तिच्या नवऱ्याची नाटकमंडळी होती. नवऱ्याला सगळे ‘मालक’ म्हणत. नाटक जुनं, नावाजलेलं. राजाचा भाऊ राजाचा खून करून गादी बळकावतो आणि राज्यात अनागोंदी माजते. शेवटी दरबार विस्कटलेला, सिंहासन आडवं, आणि शेजारी तो भाऊ नि राणी मरून पडलेले. भाऊ मालक, राणी आत्या.

मग एक म्हातारा सेवक येतो. खुर्च्या उभ्या करतो, सिंहासन जागेवर ठेवतो, मेलेल्यांचे डोळे मिटतो. तेव्हा कुठे पडदा पडतो.

सेवकाचं काम करणाऱ्या नटाचं नावच ‘शेवटचे काका’ पडलं होतं. उभी हयात त्या एका प्रवेशात गेली होती.

मालकांनी तो प्रवेशच कापला.

“तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात,” ते म्हणाले.

काकांनी सगळ्यांदेखत हात जोडले. “सगळं असं विस्कटलेलं ठेवून पडदा टाकू नका, मालक. बरं नाही ते.”

“एवढीच हौस असेल तर घरी जाऊन खुर्च्या लावा!”

सगळे खो-खो हसले. आत्या हसली नाही. पण बोललीही नाही.

काकांनी जे अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. मालक शेवटपर्यंत त्यांच्या घरी फिरकले नाहीत.

काका गेल्यानंतरचा तो पहिलाच प्रयोग. दोघं मरून पडली. दिवे गेले. आता पडदा पडायचा...

पडला नाही.

अंधारात आवाज आला... ठक.

कुणीतरी खुर्ची उभी केली होती.

ठक... दुसरी.

मग काहीतरी जड फरफटत गेलं... सिंहासन!

आत्याच्या कपाळावर गार बोटं टेकली... थांबली... आणि पुढे गेली.

शेजारून मालक पुटपुटले, “कोण आहे रे? हात काढ... अरे, दुखतंय...”

दिवे आले. दरबार जागच्या जागी. प्रेक्षक उभे राहून टाळ्या पिटत होते. असा शेवट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मालक उठून बसले. पण डोळे उघडेनात.

आजतागायत उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

कापलेला प्रवेश आत्याने परत घातला. उपयोग शून्य. शेवटी ती काकांच्या बायकोकडे गेली, पायांवर डोकं ठेवून रडली. “त्यांना माफ करा हो.”

काकू शांतपणे म्हणाल्या, “मालकांचं झालं गं. यांनी हात जोडले, तेव्हा तूही तिथेच होतीस ना?”

तेव्हापासून आत्या घरात एक वस्तू इकडची तिकडे होऊ देत नाही. डोळ्यांत तेल घालून सांभाळते. नवऱ्याच्या डोळ्यांची आशा तिने सोडलीय... आता तिला स्वतःची भीती वाटते.

परवा जेवताना मालकांचा धक्का लागून स्टूल पडलं. आत्या ताट ठेवून उठली.

ठक... स्टूल उभं होतं.

“किती चटकन उचललंस गं!” मालक म्हणाले.

आत्या अजून ताटापाशीच होती.