नासारियोची हजेरी

टेप चिकट झाली असेल तर ती आधी शेकावी लागते. आमच्या खाणवस्तीत त्यासाठी यंत्रबिंत्र काही नाही. खालच्या आळीतल्या बेकरीत पाव भाजून झाले की मातीची भट्टी उतरणीला लागते. हात आत घालून कोमट वाटली की मी टेपा ठेवते. बेकरीवाली रोज कुरकुरते, "तुमच्या क्रांतीचा वास माझ्या पावाला लागतो." लागू दे म्हणते मी. नुसत्या यीस्टच्या वासापेक्षा बरा.

मी एर्मेलिंदा. खाणकामगारांच्या युनियनच्या जुन्या रेडिओवरच्या टेपा सांभाळते. सांभाळते म्हणजे पुसते, शेकते, ऐकते, संगणकात उतरवते, आणि कोण कुठे काय बोललं ते शोधता येईल असं लिहून ठेवते. रेडिओचं नाव 'कार्बुरो'. खाणीत पूर्वी कार्बाइडचे दिवे असायचे, त्यावरून. ऐंशी साली सैन्याने बंड करून सरकार बळकावलं आणि रेडिओवर चाल करून आलं. तेव्हा लोकांनी टेपा दूधपावडरच्या डब्यांत भरून खाणीच्या ढिगाऱ्यांत पुरल्या, भिंतींत चिणल्या. अजून सापडतात. गेल्या महिन्यात युनियनच्या सभागृहाची भिंत पडली आणि आतून एक डबा निघाला. त्यात एकच टेप होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. खाणीतल्या सैतानाला, तिओला, सिगारेट पेटवून देते ती रीत म्हणून. बापाने दिली, मीही देते. बाकी प्रत्येक आवाजाला कारण असतं असं माझं मत होतं.

टेप निघाल्याचं कळलं तशी दोन्या पोलोनिया चढ चढून आली; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात. ऐंशी ओलांडलेली बाई, डोक्यावर तिरकी हॅट, पाठीला रंगीत चादरीची झोळी. धापा टाकत बाकावर बसली, दम टिकावा म्हणून गालात कोकाची पानं भरली आणि म्हणाली, "आहे का गं पोरी?"

काय ते विचारायची मला गरज नव्हती. नासारियो तिचा मुलगा. एकोणीस वर्षांचा होता, रेडिओवर यंत्र चालवायचा. सैन्य आलं त्या दिवशी शेवटपर्यंत आतच होता म्हणतात. मग ना तो सापडला, ना त्याचं प्रेत. शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे. पुढारी आहेत, बायांची भांडणं आहेत, सभा, घोषणा, बाळाच्या बारशाचा निरोपसुद्धा आहे. हे सगळं ज्याने मुद्रित केलं त्याचा एक शब्द नाही. यंत्रामागचा माणूस कशाला बोलेल?

"चेहरा फोटोत आहे," ती म्हणाली. "आवाज गेला माझ्या डोक्यातनं. रोज आठवायला बघते, येत नाही. लेक मला खाली कोचाबांबा शहरात न्यायला येतेय. या उंचीवर आता दम पुरत नाही म्हणतो डॉक्टर. त्याच्या आधी शोध. खोकला मिळाला तरी चालेल."

"शोधते," म्हणाले.

टेप शेकली, लावली. रेडिओची खोली अजून तशीच आहे, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. सुरुवातीलाच निवेदकाने तारीख सांगितली. बंडाच्या आदल्या महिन्यातली. सभा होती. शेवटी, आमच्याकडे रीत आहे तशी, मागच्या गोळीबारात मेलेल्यांची हजेरी. सचिव एकेक नाव पुकारतो आणि सगळी सभा एका आवाजात त्याच्या वतीने म्हणते, "हजर!" मेलेला माणूस आपल्यात आहे असं सांगायची ती पद्धत. नावं झाली, माणसं उठल्याचा, बाकं सरकल्याचा आवाज आला, मग रिकामी फीत फिरत राहिली.

त्या रिकाम्या फितीत कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "हजर."

मी घाबरले नाही. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून राहिली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. त्यामुळे खरा आवाज येण्याआधी त्याची पुसट सावली ऐकू येते. आम्ही हे रोज ऐकतो. म्हणून मी खऱ्या आवाजाची वाट पाहत बसले. फीत संपली. तो आलाच नाही. सावली होती, पण ज्याची सावली ते पुढे कुठेच नव्हतं.

खोलीत लसणासारखा वास येत होता. शेजारी फोडणी दिली असेल, म्हटलं.

उतरवलेल्या प्रतीतलं बोलणं संगणक आपोआप लिहून काढतो; दुसऱ्या दिवशी त्यात मी सवयीने 'नासारियो' हे नाव शोधाला घातलं. रोजच घालते, रोजच काही सापडत नाही. या वेळी एक जागा सापडली. त्याच टेपवर, शेवटी, जिथे काल रिकामी फीत होती. लावून बघितलं. सचिवाचा आवाज, स्वच्छ: "नासारियो किस्पे!" आणि मग शांतता. सभेतलं कुणी काही बोललं नाही. माणसं उठून गेलेली नव्हती. श्वास ऐकू येत होते, एक लेकरू कुरकुरत होतं. सगळे थांबले होते. आणि त्या शांततेत तीच सावली, कालच्यापेक्षा थोडी जवळ.

मी खुर्चीतून उठले आणि खिडकी उघडली. काहीतरीच काय! ज्या पोराने ही टेप मुद्रित केली, तो तेव्हा हयात होता. हयात माणसाचं नाव मेलेल्यांच्या हजेरीत कोण घेईल? आणि काल मी बहिरी होते का? प्रत तपासली. लांबी कालचीच होती, सेकंदाचाही फरक नाही.

वास खिडकी उघडल्यावरही गेला नाही. तेव्हा ओळखला मी तो. बाप खाणीतून आला की त्याच्या टोपीला असायचा. कार्बाइडचा. ते दिवे जाऊन किती वर्षं झाली!

पोलोनियाला सांगावं की नाही, मला ठरवता येईना. तिचं आणि त्या हजेरीचं जुनं वैर. सैन्य रेडिओवर आलं त्या दिवसाच्या दर वर्षदिनाला आताचा सचिव गुमेर्सिंदो तिच्या पाया पडतो, "दोन्या, यंदा तरी नासारियोचं नाव घेऊ द्या." आणि ही भर सभेत उभी राहते. "खबरदार! मेलेल्यांच्या वतीने दुसरे हजर म्हणतात. जिवंत माणूस आपल्या तोंडाने म्हणतो. माझा पोरगा येईल तेव्हा त्याचं तो म्हणेल." गुमेर्सिंदो मग यादीची घडी घालतो. इतकी वर्षं तिने त्याला कुणाला मारू दिलं नव्हतं.

पण आवाज शोध असं तीच म्हणाली होती, आणि लेक यायला दोन दिवस राहिले होते. मी बोलावलं.

"संगणकावर नको," ती म्हणाली. "टेप फिरताना दिसली पाहिजे मला."

टेप चढवली. भर दुपार होती, बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ती हॅट काढून मांडीवर घेऊन बसली. नावं येत गेली. प्रत्येक "हजर!"ला तिचे ओठ हलत होते, निम्मे लोक तिच्या ओळखीचे होते. मग ते नाव आलं.

"नासारियो किस्पे!"

तिची बोटं हॅटच्या काठावर थांबली. मी यंत्राकडे हात नेला. "दोन्या, बंद करू? हे काय आहे मला कळत नाही. खरं सांगते."

"गप बस. थांबलेत ते सगळे."

"कोण?"

"दिसत नाही का तुला? कुणी त्याच्या वतीने म्हणत नाहीये. शहाणी माणसं आहेत."

शांतता लांबली. आदल्या दिवशीपेक्षा लांबली. बाहेरची ठोकाठोक कधी थांबली मला कळलं नाही. कार्बाइडचा वास घशात बसला. सावली आली, "हजर," पुसट.

आणि मग खरा आवाज आला.

"हजर, ममाय."

तरुण, थोडा जाड, माइकला अगदी खेटून. ममाय म्हणजे आई. त्यानंतर बारीकसा खोकला.

पोलोनिया रडली नाही. हॅट पुन्हा डोक्यावर नीट घातली. मग म्हणाली, "आवाज फुटला होता की गं त्याचा. मी आपली लहानपणचा आठवत बसायचे. म्हणून सापडत नव्हता." आणि हसली. मला मात्र हुंदका आला, खोटं कशाला सांगू.

"पुन्हा लावू?"

"नको. एकदा म्हणाला ना? पोराला किती वेळा विचारायचं!" तिने यंत्रावरून हात फिरवला, जसा डोक्यावरून फिरवतात. "यंदा वर्षदिनाला घ्या म्हणावं त्याचं नाव. बिनधास्त घ्या. त्याचं तो बोलेल. मी येईन ऐकायला, कोचाबांबाहून येईन."

तिला दारापर्यंत सोडलं. ती उतारावरून नेटाने चालत गेली, मागे वळून हॅट हलवली. मी आत आले. यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. फीत फिरतच होती.

सचिव पुढचं नाव घेत होता.

"पोलोनिया किस्पे!"

या वेळी कुणी थांबलं नाही. सगळी सभा एका आवाजात म्हणाली, "हजर!"

त्यात माइकच्या सगळ्यात जवळ एका बाईचा आवाज होता. बसका, घोगरा, तरी ओळखू येण्यासारखा. माझं आयुष्य आवाज ओळखण्यात गेलं. तो माझा होता.

मी यंत्र बंद केलं. ती टेप पुन्हा लावली नाही. डब्यात घातली, डबा तारेने बांधला.

पोलोनियाला मात्र फोन केला, एकदा नाही, पुष्कळदा. येऊ नका, थंडी आहे, दम लागेल, नाव काय पुढच्या वर्षी घेता येईल. ती हसायची. "अगं, तूच तर ऐकवलंस. आता मला कोण अडवतं?" लेकीलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तिची तब्येत ठणठणीत आहे हो. दोन वेळा सूप ओरपते. घाटातला रस्ता काय, रोजच्याच बसचा."

आज वर्षदिन. सभागृह सकाळपासून भरतंय. गुमेर्सिंदोने यादीत नासारियोचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलंय, त्याला खूप आनंद झालाय. कोचाबांबाची बस न्याहारीच्या वेळी यायची, अजून आलेली नाही. घाटात धुकं असेल, म्हणतात सगळे.

मी माइक लावत होते. गुमेर्सिंदो जांभळ्या मक्याच्या गरम पेजेचा पेला घेऊन माझ्याजवळ आला.

"घे, लिंदा. गारठलीस. बरी आहेस ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"अरे," तो म्हणाला, "तुझा घसा कधी बसला?"