निशाणी डावा अंगठा

"विमा कंपनी विहीर पाहत नाही, उतारा पाहते," असे पुनीतने मला समजावले. शहाद्यात कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर त्याचे विम्याचे कार्यालय होते. माझ्या कागदांवर तो पेन्सिलने खुणा करत होता.

"मयूरीबेन, सातबाऱ्यावर नावं दोन आहेत. अमृतभाईंची सही आली. तापीबाईंचा अंगठा कुठाय?"

"मिळेल."

"उद्या दुपारपर्यंत मिळू द्या. नाहीतर तुमचा हिरो विहिरीत पडला, तर मलाच उतरावं लागेल. मला पोहता येत नाही."

मी हसले. विद्यापीठातल्या आमच्या विभागाचा नियम सरळ होता. जागेच्या सर्व मालकांची लेखी ना-हरकत आणि सात जणांचा अपघात विमा असल्याखेरीज कॅमेरा मिळणार नव्हता. कॅमेरा नाही तर चित्रपट नाही, आणि चित्रपट नाही तर पदवी नाही.

जागा प्रकाशा गावाजवळ तापीकाठी होती. केळीची बाग, दगडी विहीर आणि पंपाची खोली. अमृतमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे मी लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून पाहिले होते. त्या दिवशी सकाळीच त्यांनी उभ्याउभ्या सही केली होती. त्यांच्या आईने, तापीआजीने, मात्र मला खाटेवर बसवून घेतले.

"अंगठा देसू ना बेटा. पन पयले गोट आयकाड. मन्हा वावरमा तू काय दखाडशी, ते माले समजाले पाहिजे."

"उद्या येते आजी. वाचून दाखवते."

"ये. मी कोठे जास? पेन्शनवालं मशीन ते मन्हा अंगठा वळखत नही. कापूस येची येची पुरा घसाई गया," ती म्हणाली आणि तिने अंगठा माझ्यापुढे धरला. तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता.

माझ्या पटकथेत नेमके हेच होते. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या मागे आजीला दर नोव्हेंबरमध्ये मशीनवर अंगठा लावून आपण हयात असल्याचे सिद्ध करावे लागे, आणि दर वर्षी मशीन तिला नाकारी. हे मी आईकडून ऐकले आणि लिहून काढले. पटकथेतल्या म्हातारीला मी नाव दिले नाही. पण खाट, कडुनिंब, हातातली वाकलेली चांदीची पाटली, सारे तापीआजीचे होते. शेवटी मशीनपाठोपाठ गावही तिला ओळखेनासे होते. शेतातून आलेला तिचा मुलगा पाण्याचा कॅन उंबऱ्याशी ठेवतो आणि विचारतो, "ह्या कोन शेतस?" ह्या कोण आहेत, असे पोटच्या पोराने विचारण्याचा हा शेवट आमच्या सरांना फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला मी फाटकापाशी पोहोचले. आजी अंगणात एकटीच होती. तिने धुवट लुगडे नेसले होते आणि खाटेवर माझ्यासाठी उशी मांडून ठेवली होती. ती उशी पाहून माझा हात कडीवरून निघाला. तिच्यासमोर तिचेच हाल वाचायचे, आणि वर तिचा अंगठा मागायचा, हे मला झेपले नाही. मी पाऊल न वाजवता मागे फिरले.

तापीच्या पुलाच्या अलीकडे स्कूटी लावली. सीटवर कागद पसरला, शाईचा पॅड उघडला आणि 'निशाणी डावा अंगठा' या अक्षरांखाली माझा अंगठा दाबला. नवव्या वर्षी विळीवर कापल्याचा तिरपा व्रण ठशात पांढरा उमटला. पुनीतने त्याकडे पाहिलेही नाही. चार वाजता विमा उतरला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चित्रीकरण सुरू केले. म्हातारीचे काम नंदुरबारच्या रंजनाबाई करत होत्या. दुसऱ्या दिवशी अमृतमामा आजीला बागेत घेऊन आले आणि त्यांनी तिला सावलीत बसवले. मी जवळ जायचे टाळत होते. तिनेच हाक मारली.

"मयू, शेवटलं आज करतस का? पोऱ्या कॅन ठेवस, ते?"

शेवट मी सर आणि आमच्या सात जणांखेरीज कोणालाही सांगितला नव्हता.

"तुम्हाला कोणी सांगितलं, आजी?"

"कोनी म्हंजे? तू उनी, उशीवर बठी, पुरी गोट वाची. माले रडू वनं. तूबी रडनी. मंग मी अंगठा दिधा."

तिने डावा हात पुढे केला. अंगठ्यावर निळी शाई होती.

"पंधरा दिस व्हयनात, धुवाई नही ऱ्हायनी," मामा हसत म्हणाले. "कोनती शाई आनी व्हती वं तू?"

त्या क्षणी खरे सांगता आले असते. मामा होते, आजी होती, तिच्या मांडीवर तो हात होता. कॅमेऱ्यामागून कोणीतरी ऊन चालल्याचे ओरडले.

"हो आजी," मी म्हणाले. "मी आले होते."

दिवाळीआधी विभागातल्या हजेरीच्या यंत्राने तीन दिवस माझा अंगठा घेतला नाही. शिपाई दलसिंग माझा हात उजेडात धरून म्हणाला, "मॅडम, इथं तर काहीच नाही."

खरोखरच काही नव्हते. रेषा नव्हत्या. व्रणही नव्हता.

नोव्हेंबरमध्ये मामांचा फोन आला. "मयू, आईना अंगठा मशीननी पयल्या झटकाले लिधा! गावभर दखाडी ऱ्हायनी ती."

मी पटकथा पिशवीत घातली आणि पहिल्या गाडीने निघाले. सगळे सांगायचे, कागद फाडायचा, चित्रपट दाखल करायचा नाही, असे ठरवले होते. दुपारी तीनला फाटकाची कडी काढली. आजी खाटेवर होती. उशी मांडलेलीच होती.

"आजी, तो अंगठा तुमचा नव्हता. मी खोटं केलं. मी वाचलंही नव्हतं."

ती रागावली नाही. तिने उशी थापटली.

"मंग आते वाच."

मी वाचले. एकही ओळ गाळली नाही. मध्येच माझा आवाज फुटला, आणि तिनेही पदर डोळ्यांना लावला. शेवटच्या पानाशी पोहोचले तेव्हा फाटक वाजले.

अमृतमामा आत आले. त्यांनी पाण्याचा कॅन उंबऱ्याशी ठेवला. गमछ्याने मान पुसत खाटेकडे पाहिले. आधी आजीकडे, मग माझ्याकडे.

"मामा," मी म्हणाले.

ते अवघडून हसले. परक्या बाईसमोर हसतात तसे.

"आई," त्यांनी विचारले, "ह्या कोन शेतस?"

तापीआजी माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत दया होती. मग पदराच्या टोकाने ती हळूहळू आपला डावा अंगठा पुसू लागली. शाई सहज निघत होती, आणि तिच्याखाली एक तिरपा, जुना व्रण दिसू लागला.