दोन हिसके

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात मी त्या दिवशी गेले होते ती सम्यकचा पतंग आणायला. सम्यक माझा धाकटा भाऊ. नोकरीसाठी हॉलंडला गेला आणि तिथल्या एकटेपणावर त्याने भलताच उपाय शोधला. समुद्रकाठच्या वाळूवर तीन चाकांची बुटकी गाडी, आणि ती ओढायला खाटेएवढा पतंग! सुट्टीत घरी आला तेव्हा मोठ्या कौतुकाने सांगत होता, "ताई, हिला इंजिन नाही, ब्रेक पण नाही. थांबायचं तर दोरीला ढील द्यायची, बस." आईने तेव्हाच कपाळाला हात लावला होता. जाताना एक फाटका पतंग तो शिवून घ्यायला माझ्याकडे ठेवून गेला.

जीन्सच्या कारखान्यातल्या धर्मेशने पतंग माझ्या हातात दिला. "दीदी, जीन्सच्या धाग्याने मारलाय. कपडा फाटेल, पण सिलाई नाय सुटणार."

कात्रपला घरी पोचले तोवर संध्याकाळ झाली होती. टाके बघायला मी गच्चीवर पतंग पसरला, दोऱ्या मुठीत धरून. वारा अजिबात नव्हता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रसायनांचा तो घशाला झोंबणारा वास गच्चीवर येऊन बसला होता. खाली घरात आई बुद्धवंदना म्हणत होती. वाळत घातलेला एकही कपडा हलत नव्हता, आणि पतंग उठला.

सरळ वर गेला. माझ्या मुठीतल्या दोऱ्या ताठ झाल्या, मी खेचली जाऊन कठड्यावर आदळले. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही, पण तेव्हा मीही आईबरोबर वंदना पुटपुटू लागले. खोटं कशाला बोलू?

कठड्यावरचा फोन वाजला. सम्यक. करंगळीने कसाबसा स्पीकर लावला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग त्याचा आवाज, अगदी हळू.

"ताई... धरून ठेव."

"सम्यक? कुठे आहेस तू?"

"सोडू नको, ताई... घट्ट धर..."

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

लहानपणी याच गच्चीवर तो पतंग उडवायचा आणि फिरकी माझ्याकडे असायची. दोनदा हिसका दिला की ढील द्यायची, ही आमची खूण. आम्हा दोघांशिवाय ती कुणालाच ठाऊक नव्हती.

दोरी म्हणत होती, ढील दे. फोन म्हणत होता, धर. मी आवाजावर विश्वास ठेवला. आपल्या माणसाचा आवाज, त्याच्यावर कोण शंका घेईल? दोरीने तळवे कापले, तरी मी धरून राहिले. हिसके मंदावले... मग थांबले. पतंग फरशीवर पडला. तो ओला होता आणि त्याला समुद्राचा वास येत होता.

रात्री महेंद्रचा फोन आला. तिकडे तो सम्यकच्याच खोलीत राहायचा. तिकडच्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ असताना, सम्यकचा तिथला पतंग त्याला गाडीसकट समुद्रात घेऊन गेला होता. किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिलं, तो ढील द्यायला धडपडत होता, पण दोरी ढिली पडेना.

"अरे, पण तेव्हा तो माझ्याशी फोनवर बोलत होता..."

"ताई, त्याचा फोन सकाळपासून इथेच चार्जिंगला आहे."

तो फोन सामानाबरोबर घरी आला. बॅटरी संपलेला, कपाटात, पतंगाच्या घडीवर पडून आहे. कपाटाला कुलूप आहे आणि चावी माझ्या गळ्यात. तरी वारा पडून एमआयडीसीचा तो वास आला की माझ्या फोनवर सम्यकचं नाव उमटतं. मी उचलत नाही. आईला यातलं काही बोलले नाही. बोलणार तरी काय?

काल संध्याकाळी मी आंघोळ करून बाहेर आले, तर माझा फोन जागेवर नव्हता. मी गच्चीवर धावले. आई कठड्याशी उभी होती. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबलेला, दोन्ही मुठी आवळून पुढे धरलेल्या. मुठींत काहीच नव्हतं.

"धरलंय रे बाळा," ती म्हणत होती. "नाही सोडत... नाही सोडत..."

आणि तिच्या हातांना हिसका बसला. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.