शिट्टी वाजली की चालायचं

"लपा! ताई मागे बघतेय!" भिंगरीने दोघांना फळांच्या गाडीआड ढकललं.

"मी कुठं आवाज करतोय?" ढोल कुजबुजला. फळवाल्यासकट चार गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

आज ताईचा बेकरीतला पहिला दिवस होता. ताई अठरा वर्षांची. नवीन गोष्ट शिकायला तिला इतरांपेक्षा वेळ लागे, वाचायलाही फारसं जमत नसे. पण एकदा शिकलेलं ती कधी विसरत नसे. "एकटी म्हणजे एकटी!" असं बजावून ती घरातून निघाली होती. आईला मात्र राहवेना. सुट्टीत उंडारणाऱ्या या तिघांना तिने गुपचूप मागे पिटाळलं होतं. भिंगरी ही ताईची धाकटी बहीण, पायाला भिंगरी लावल्यासारखी. शंका हा मामेभाऊ, सूर्य पूर्वेलाच का उगवतो इथपासून शंका काढणारा. आणि शेजारचा ढोल. त्याच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

बेकरी रस्त्याच्या पलीकडे होती. ताई फुटपाथच्या कडेला येऊन थांबली. रस्ता रिकामा होता. एक कुत्रं आरामात पलीकडे गेलं. ताई जागची हलली नाही.

"जात का नाही ही?" शंका पुटपुटला.

मग डावीकडून टेम्पो भरधाव आला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गोदामाचा रखवालदार मागे येणाऱ्या ट्रकला शिट्टी वाजवून जागा दाखवू लागला. आणि ताई मान ताठ करून थेट रस्त्यात उतरली!

"ताई!"

ब्रेक किंचाळले. टेम्पो ताईपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने काचेतून डोकं काढलं. "वेड लागलंय का? घरात कोंडून ठेवा असल्यांना!"

"तोंड सांभाळून बोला!" भिंगरी धावत गेली. ताईचे ओठ पांढरे पडले होते.

संध्याकाळपर्यंत निकालही लागला. ताई जिथे दोन वर्षं जात होती, त्या जीवनकौशल्य केंद्रातल्या सरांनी फोनवर आईला सांगितलं, "मी म्हणत नव्हतो? रस्ता ओलांडणं हिच्या आवाक्याबाहेरचं आहे. नोकरीचा हट्ट सोडा." बेकरीवाल्या मावशी भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत जागा ठेवते. नंतर मात्र दुसरी मुलगी घ्यावी लागेल."

ताईने बेकरीचा पांढरा एप्रन घडी करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"मला एक शंका आहे," शंका म्हणाला.

"आत्ता नको हं!" भिंगरी कडाडली.

"ऐक तरी! रस्ता रिकामा असताना ती गेली नाही. टेम्पो आल्यावर गेली. तिला कळतच नसतं, तर ती कधीही उतरली असती. ती कशाची तरी वाट बघत होती!"

भिंगरीने उठून अंगणात खडूने दोन रेघा मारल्या. "ताई, हा रस्ता. ओलांडून दाखवतेस?"

ताई रेघेवर उभी राहिली. ढोलने टाळी वाजवली. ताई स्तब्ध. घंटी वाजवली. तशीच. शेवटी ढोलने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ताई मान ताठ, नजर समोर, तरातरा पलीकडे गेली.

"डावी-उजवीकडे का नाही बघितलंस?" शंकाने विचारलं.

"सर ओरडतात. मान वळली की रांग मोडते. शिट्टी वाजली की चालायचं. मान सरळ!"

ढोलसुद्धा हळू आवाजात बोलला. "म्हणजे ती चुकली नाही. तिला तसंच शिकवलंय."

दुसऱ्या दिवशी तिघं केंद्राच्या खिडकीशी हजर! आतल्या फरशीवर सुबक पांढरे पट्टे रंगवलेले. सर खुर्चीत, एका हातात मोबाइल, तोंडात शिट्टी. फुर्र! मुलं चालली. फुर्र! मुलं परत.

"सर, यांना खऱ्या रस्त्यावर कधी नेता?" भिंगरीने खिडकीतूनच विचारलं.

"खऱ्या रस्त्यावर? काही झालं तर जबाबदार कोण?"

"आणि बाहेर भलत्याच माणसाने शिट्टी वाजवली तर?"

"हे बघा, सांगितलेलं ऐकायला शिकली, हेच पुष्कळ झालं. पळा! रविवारी पालकांसमोर प्रात्यक्षिक आहे, तेव्हा बघा काय शिस्त आहे ती!"

भिंगरी दात-ओठ खात परतली. "शिस्त म्हणे! दोन वर्षं! दोन वर्षं फरशीवर!"

भिंगरीचा मामा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला आणि मग रोज सकाळी ताईसोबत खऱ्या रस्त्याच्या कडेला उभा राहू लागला. पहिल्या दिवशी ताई नुसती रडली. दुसऱ्या दिवशी मामाचा हात धरून पलीकडे गेली.

"गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं," मामाने सांगितलं.

"काच चमकते. डोळे दिसत नाहीत," ताई म्हणाली. थोडा वेळ ती बघत राहिली. "चाकं दिसतात. चाकं थांबली की मी जाणार."

मामाने तिच्या पाठीवर थाप मारली. "इतकी वर्षं शिकवतोय मी, पण हे नव्हतं सुचलं!" शनिवारी ताई त्याचा हात न धरता एकटीने रस्ता ओलांडून आली.

रविवारी केंद्राचं सभागृह पालकांनी भरलं. संचालिकाबाई पहिल्या रांगेत. मुलं रांगेत उभी, सर्वांत पुढे ताई.

"सर, रस्ता म्हटल्यावर एखादी गाडी नको का?" भिंगरीने साळसूदपणे विचारलं. "ढोलकडे सायकल आहे."

"वा! आणा, आणा! शोभा येईल!"

ढोल हळूहळू पट्ट्यांकडे सायकल चालवत आला. सरांनी प्रेक्षकांकडे तोंड करून ऐटीत शिट्टी वाजवली. फुर्र! रांगेतला प्रत्येकजण पुढे निघाला. ताई मात्र हलली नाही. तिने दोन्ही हात पसरून मागच्यांना अडवलं.

"अगं, चल! शिट्टी ऐकू येत नाही का?" सर म्हणाले.

"येते. सायकल पण येते."

सभागृहात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"सांगितलेलं ऐकायचं!" सर ओरडले.

"नाही!" ताईचा आवाज चिरकला, पण ती मागे हटली नाही. "तुमचं ऐकलं म्हणून मी मरत होते!"

आता कुणीच हसलं नाही. संचालिकाबाई उठल्या. शंकाने टेम्पोची सगळी हकीकत सांगितली. रांगेतल्या एका मुलाचे वडील उठले. "आमचाही असाच रस्त्यात उतरला होता! आम्हाला वाटलं, त्यालाच समजत नाही!"

"बाई, जबाबदारी..." सर चाचरले.

"त्या दिवशी ती कुणाची होती?" बाईंनी हात पुढे केला. "शिट्टी द्या इकडे. उद्यापासून वर्ग रस्त्यावर, मी स्वतः येणार. तुम्ही आधी माझ्या खोलीत या."

मग कौतुकाचा पूर आला. "काय हुशार पोरं!" "बहिणीसाठी केवढं केलं!" बाईंनी तिघांची पाठ थोपटली. ढोल तर फुगून टुम्म!

"थांबा!" ताई ओरडली. चेहरा लालबुंद झाला होता. "रस्ता मी ओलांडला. चाकं मी शोधली. सगळे यांच्याशीच का बोलतात?"

भिंगरीचे कान गरम झाले. तिने ढोलला मागे ओढलं. आई पुढे येऊन ताईसमोर उभी राहिली. "चुकलंच आमचं. तूच सांग, उद्या काय करायचं?"

"बेकरीत जायचं. एकटी. आणि ही तिघं मागे नकोत. फळांच्या गाडीआडही नकोत. मला दिसली होती!"

सोमवारी तिघं खरंच गेली नाहीत. घरात बसून नखं कुरतडत राहिली. अखेर फोन वाजला आणि तिघांनीही झडप घातली.

"पोचली तुमची ताई," बेकरीवाल्या मावशी सांगत होत्या. "काम झकास चाललंय. पण तुम्हाला निरोप दिलाय, ती अजून रागावलेली आहे म्हणून!"